एक्क्याण्णव टक्क्यांतली एक

झोटवाडा, जयपूर
रविवार, दुपार

प्रिय गौतमी,

जयभीम. पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. बाबांचं बीपी वाढलंय, पण ते रागामुळे, आणि गोळी वेळेवर चालू आहे. फोन सोडून कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू दुसऱ्याच मिनिटाला “आई, मतलब झालंय काय ते एका वाक्यात सांग ना” म्हणतेस. हे एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी इतके दिवस पोटात घेऊन बसले नसते. शिवाय तुझा फोन म्हटला की बाबा स्पीकर चालू करायला लावतात. आज ते विहारातल्या बैठकीला गेलेत, पाचपर्यंत यायचे नाहीत. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, माहीत आहे मला. लागू दे.

आधी बसचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आपल्या बाजारातून सकाळी सहा चाळीसला मालवीय नगरला जाणारी बस, तू बारावीत होतीस तेव्हापासून मी जिने पाळणाघरात कामाला जाते, ती आता बाजारातून जात नाही. बंद केलेली नाही, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेळा समजावून सांगितलं. फक्त रस्ता बदललाय. बाजारात कोंडी होते म्हणून बस बाहेरच्या मोठ्या रस्त्याने न्यायची, आधी दोन महिने चाचणी म्हणून आणि मग कायमची. नवा थांबा आपल्या घरापासून चालत अर्ध्या तासावर आहे. मधे ट्रकांचा चौक लागतो. तिथे सिग्नल आहे, पण तो आठला सुरू होतो. थांबा म्हणजे नुसता एक खांब, ना शेड ना बाकडं, आणि त्या खांबावर पाटी, “आपकी सुविधा के लिए”. रोज सकाळी ती पाटी वाचून माझं डोकं फिरतं. कुणाची सुविधा, एकदा नाव तरी लिहा.

माझं काय, मी अर्धा तास आधी उठते. गुडघे कुरकुर करतात, पण पाळणाघराच्या मॅडम चांगल्या आहेत, दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर बोलत नाहीत. सलोनीचं तसं नाही. तू तिला भेटलेली नाहीस. आपल्या मागच्या गल्लीत राहते, तिशीची असेल, मालवीय नगरात तीन घरी स्वयंपाक करते. बसमध्ये ती माझी जागा धरते नाहीतर मी तिची, अशी आमची ओळख. तिच्या पहिल्या घरी आठच्या आत डबे भरून लागतात. तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, म्हातारीचं सगळं आवरल्याशिवाय तिला दाराबाहेर पडता येत नाही, मग तो जास्तीचा अर्धा तास ती आणणार कुठून? चाचणी सुरू झाल्यावर पहिल्या दहा दिवसांत तिला तीनदा उशीर झाला. तिसऱ्या खेपेला त्या घरच्या बाईंनी सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. सात वर्षांचं काम होतं. हे ती मला बसमध्ये हसत हसत सांगत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. का बघत होते ते पुढे येईलच.

चाचणी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात हिंदी पेपरात चार ओळींची बातमी आली होती. बसचा मार्ग बदलण्यासाठी जनमत सर्वेक्षण झालं आणि एक्क्याण्णव टक्के नागरिकांनी बदलाला पाठिंबा दिला. बाबांनी ती मोठ्याने वाचली, मग पुन्हा वाचली, मग पेपरची घडी घालून चष्मा काढून ठेवला. त्या दिवसापासून आपल्या घरात दुसरा विषय नाही. भाजी निवडताना एक्क्याण्णव, कपडे वाळत घालताना एक्क्याण्णव. कोण आहेत हे लोक, मला एक तरी आणून दाखव, असं ते मलाच विचारायचे. म्हणायचे, ही सगळी बसमध्ये कधी पाय न ठेवलेली माणसं, गाडीच्या काचा वर करून बसायचं आणि बस हटवा म्हणायचं. मी कणीक मळत असायचे. कणीक मऊ झाली तरी मळतच राहायचे.

बाबांचा स्वभाव तुला सांगायला नको. छत्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काढली. अर्ज दिला की शिक्का पडतो, शिक्का पडला की उत्तर येतं, यावर त्यांचा विश्वास. घटनेनं प्रत्येकाला एक मत दिलंय आणि ते मोजावंच लागतं, हे तू बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकलंयस. तर त्यांनी ठरवलं की बसमधल्या माणसांच्या सह्या घ्यायच्या आणि जनसुनवाईत द्यायच्या. भुसावळहून आणलेली ती जुनी पत्र्याची पाटी शोधली, तिला चिमटा लावला, आणि रोज सकाळी माझ्याबरोबर निघाले. सोळा दिवस.

त्या सोळा दिवसांबद्दल काय सांगू. एका भैयाने विचारलं, कोणत्या पक्षाकडून आलात. बाबा म्हणाले, कुठल्याच नाही. तर तो म्हणाला, मग उपयोग काय. एका बाईला वाटलं गॅसचा फॉर्म आहे. तिने आधार कार्डाची झेरॉक्स काढून हातात ठेवली आणि काही केल्या परत घेईना. एकाने सही केली आणि उतरताना मागे वळून खोडून गेला. कारखान्यात जाणारा एक जण म्हणाला, मला तर नवा रस्ताच बरा पडतो, माझा थांबा जवळ आला. बाबा त्याच्याशी कंडक्टर मधे पडेपर्यंत भांडले. घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं की मत तर त्याचंही आहे ना, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि सलोनी, जिचं काम गेलं, तीच सही करायला तयार नाही. तिचं म्हणणं, उरलेल्या दोन घरांपैकी कुठले साहेब सरकारात असले आणि त्यांनी माझं नाव वाचलं तर? तीन दिवस बाबा तिच्या दाराशी जाऊन तिला समजावत होते. शेवटी तिने अंगठा दिला, कारण अंगठ्यावरून नाव वाचता येत नाही असं तिला वाटलं. या लोकांचा राग यावा की कीव यावी तेच मला कळेना. तरी तीनशे बारा झाल्या. आणि प्रत्येकाला बाबा तुझं सांगायचे. “मेरी बेटी पुणे में यही काम करती है, लोगों की राय सरकार तक पहुँचाती है.” आता निम्म्या बसला तुझं नाव पाठ आहे.

आता खिडकीचं सांगते. होळीच्या आधीची गोष्ट. मी पृथ्वीराजजींच्या दुकानात अस्तराचं कापड आणायला गेले होते. तेच, ज्यांच्याकडून तुझ्या शाळेच्या युनिफॉर्मचं कापड घ्यायचो. गल्ल्याजवळ त्यांनी तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवला होता. म्हणाले, बहनजी, बाज़ार के लिए है, एक मिनट लगेगा. माझा फोन घेऊन त्यांनीच तो उघडून दिला. दोन प्रश्न होते. पहिला, तुमच्या बाजाराचा रस्ता कोंडीतून मोकळा व्हावा आणि पायी चालणाऱ्यांसाठी सुरक्षित व्हावा असं तुम्हाला वाटतं का? आता याला कोण नाही म्हणेल? गेल्याच महिन्यात त्या रस्त्यावर एक स्कूटर माझ्या पिशवीला घासून गेली होती. मी हो दाबलं. दुसरा, त्यासाठी वाहतूक व्यवस्थेत आवश्यक ते बदल करायला तुमचा पाठिंबा आहे का? पुन्हा हो. हिरवी खूण उमटली आणि खाली आलं, “आपकी राय अमूल्य है.” गौतमी, तुला हसू येईल, पण मला छान वाटलं. घरी भाजी कोणती आणायची ते बाबा ठरवतात, पाळणाघरात सगळं मॅडम ठरवतात, आणि इथे कुणीतरी मला विचारलं आणि वर आभारही मानले. त्या दोन प्रश्नांत बस हा शब्द नव्हता. मी नंतर पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नव्हता. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, अधिक माहितीसाठी इथे दाबा. ते मी दाबलं नाही.

म्हणजे बाबा ज्यांना रोज शिव्या घालत होते त्यांतली एक त्यांच्यासाठी कणीक मळत होती. सांगायचं मी रोज ठरवायचे. आज सांगते, जेवण झाल्यावर सांगते, रविवारी सांगते. मग सलोनीचं काम गेलं आणि माझी जीभच उचलेना. तिने मला त्या दिवशी बसमध्ये विचारलं होतं, चाचीजी, कोण असतील हो हे लोक?

गेल्या बुधवारी जनसुनवाई झाली. सामुदायिक भवनात, सकाळी अकरा वाजता. बसने जाणारी माणसं सकाळी अकराला कुठे असतात हे ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही, का आलं म्हणूनच अकराची वेळ ठेवली, कोण जाणे. चाळीसेक लोक होते, बहुतेक बाजारातले. बसवाले आम्ही तिघं. बाबा, रजा काढून मी, आणि सलोनी. तिला सकाळचं काम उरलं नव्हतं म्हणून येता आलं.

अधिकारी बाई तरुण होत्या, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. वागायला नम्र. सगळ्यांना पाणी मिळालं का ते विचारलं. भिंतीवर त्यांनी मोठं गोल चित्र दाखवलं, जवळजवळ सगळं हिरवं, कडेला लाल रंगाची एक फोड. आधी पृथ्वीराजजी बोलले. गेल्या वर्षी त्यांच्या वडिलांना दुकानाच्या पायरीवरून उतरताना बसचा धक्का लागला, खुबा मोडला, ते अजून अंथरुणात आहेत. त्यात खोटं काही नव्हतं. मला वाटलं, हे आपल्याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्याकडून कापड घेतो, पण कधी विचारलं नाही की वडील दिसत नाहीत ते का.

मग बाबा उभे राहिले. आठवडाभर आरशासमोर हिंदीची तयारी केली होती. सर्व्हे कसा करायचा असतो ते मला माहीत आहे, माझी मुलगी हेच काम करते, जे बसने जातात त्यांना बसमध्ये जाऊन विचारायचं असतं, असं ते ठासून बोलले आणि सह्यांचे कागद नेऊन टेबलावर ठेवले. बाईंनी ते चाळले. घाईने नाही, पानं उलटून उलटून पाहिले. मग म्हणाल्या, सुखदेवजी, मतं पोर्टलवर नोंदवायची होती आणि त्याची मुदत संपली. कागदावरचं हे सगळं एक निवेदन म्हणून नोंदवलं जाईल. बाबांनी विचारलं, एक? त्या म्हणाल्या, जी, एक. बाबा मागे आले. बसायच्या आधी त्यांचा हात खुर्चीची पाठ शोधत होता. सेवानिवृत्तीच्या दिवशीसुद्धा मी त्यांना इतकं थकलेलं पाहिलं नव्हतं.

मी उभी कशी राहिले ते मला सांगता येणार नाही. पदर सारखा केला एवढं आठवतं. माझ्या हिंदीला तू हसतेस, त्याच हिंदीत मी म्हटलं, “मैडम, उन इक्यानवे में मैं हूँ. मैंने हाँ दबाया था. और मैं रोज़ उसी बस से जाती हूँ.” मागून कुणीतरी हसलं. मी म्हटलं, मला बसचं कुणी विचारलं नाही, रस्ता चांगला हवा का एवढंच विचारलं. तुम्ही तो प्रश्न एकदा सगळ्यांना वाचून दाखवा. बाबांकडे मी बघितलं नाही. सलोनीकडे बघितलं, तर ती माझ्याकडे अशी बघत होती की मी नजर खाली घेतली. तेवढ्यात पृथ्वीराजजी बसल्या जागेवरून म्हणाले, हो, यांनी तो फॉर्म माझ्या दुकानात भरला होता, मीच भरायला सांगितलं होतं. त्यांना गप्प बसता आलं असतं. ते गप्प बसले नाहीत, हे तुला मुद्दाम लिहितेय.

बाईंनी चित्र मागे नेलं आणि भिंतीवर तो प्रश्न आला. त्यांनी एकदा वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला, हळू, जणू त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मग म्हणाल्या, यात बसचा उल्लेख असायला हवा होता. सर्वेक्षण पुन्हा होईल, महिनाभरात, त्याच कंपनीकडून दुरुस्त करून घेऊ. तोपर्यंत चाचणी चालू राहील. म्हणजे बस अजून बाहेरच्या रस्त्यानेच जाते, सलोनीचं काम गेलं ते गेलंच, आणि बाबांच्या तीनशे बारा सह्या मिळून एक. यालाच निकाल म्हणायचा असेल तर निकाल हा असा लागला. सलोनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये दिसली. माझी जागा तिने धरली होती, पण उतरेपर्यंत बोलली नाही. काल बोलली. म्हणाली, तुम्ही उठून सांगितलंत, मी असते तर सांगितलं नसतं.

तो प्रश्न भिंतीवर मोठा दिसत होता आणि त्याच्या खाली, कोपऱ्यात, फॉर्म तयार करणाऱ्या कंपनीचं नाव होतं. नावाशेजारी निळं पान. दुकानात माझ्या फोनवर ते एवढंसं असणार, मी पाहिलं नव्हतं. तू बाबांना पहिल्या वर्षी ऑफिसातून जो कप आणून दिलास, ज्यात ते रोज सकाळी चहा पितात, त्या कपावर हेच पान आहे. बाबांनी पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. घरी येताना आम्ही चालत आलो. ट्रकांच्या चौकात उभे असताना ते एवढंच म्हणाले की मला आधी सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर ओरडलो असतो, पण मग आपण बसून विचार केला असता. माझ्या हो-बद्दल त्यांनी एवढंच बोलून संपवलं. पानाबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. गुरुवारपासून ते स्टीलच्या पेल्यातून चहा पितात. म्हणाले, कपाचा कान हलतोय. मी नीट बघितला, हलत नाही. आणि बसमध्ये तुझं नाव काढायचं त्यांनी बंद केलंय.

म्हणून हे पत्र. गौतमी, तो प्रश्न तू लिहिलास का? दिवाळीच्या सुट्टीत आलीस तेव्हा म्हणाली होतीस की तुझ्याकडे सात शहरं आहेत आणि एका शहराचा फॉर्म एका दुपारी उरकावा लागतो. तेव्हा मी केवढं काम गं म्हटलं होतं, सातांत जयपूर आहे का ते विचारलं नव्हतं. तुमच्याकडे पुष्कळ माणसं आहेत, दुसऱ्या कुणी लिहिला असेल तर तसं कळव, मी बाबांना कप काढून देते. पण तूच लिहिला असशील तर तसं लिही, आणि बाबांना स्वतः सांग. ते विचारणार नाहीत, आणि न विचारता त्यांचं बीपी उतरणार नाही. मी तुला रागवणार कुठल्या तोंडाने? तू रस्ता न बघता विचारलंस आणि मी न वाचता हो म्हटलं. आता तो फॉर्म पुन्हा तुमच्याकडेच येणार आहे. ज्याच्याकडे येईल त्याला माझा निरोप दे, तुझ्याकडे आला तर तूच ऐक. आम्हाला विचारायचं असेल तर एवढंच विचारा की सहा चाळीसची बस बाहेरच्या रस्त्याने गेली तर तुम्ही कामाला कशा जाल. आणि पृथ्वीराजजींना विचारा की बस बाजारातूनच जायची तर तुमच्या पायरीपाशी काय करायला हवं. हो-नाहीची बटणं नकोत. उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या सोडा. सलोनीला लिहिता येत नाही, तिच्या दोन ओळी ती सांगेल तशा मी लिहीन, आणि पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवीन.

कागदावरच्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
आई
(रत्नमाला सुखदेव, असं पूर्ण नाव लिहितेय, पहिल्यांदाच)